मोरचुदाचा हिशेब

लेखमाला : शिवारातून बाटलीत – भाग 6

गेल्या आठवड्यात आपण अकलूजला थांबलो होतो. मोहिते-पाटील, दिल्लीचे सेखरी आणि इटलीचे सेची या तीन घरांतल्या भावांनी 2007 मध्ये माळशिरस तालुक्यात ‘फ्रटेली’ ही वायनरी उभी केली. टस्कनीचे वाइनतज्ज्ञ पिएरो मासी यांच्या मार्गदर्शनाखाली तिथली सांजोवेझे ही लाल जात सोलापूरच्या उन्हात रुजली. आज त्याच टस्कनीतल्या कौटुंबिक द्राक्षबागांकडे जाऊ. बाटलीवर ‘सेंद्रिय’ लिहिण्यासाठी तिथल्या कुटुंबाला काय करावे लागते?

सेंद्रिय बागेत फवारणीच नसते, असे अनेकांना वाटते. फवारणी असते. भुरी आणि केवडा हे द्राक्षाचे दोन जुने वैरी एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतून युरोपात पोचले आणि तिथल्या वेलीकडे त्यांच्याशी लढण्याची ताकद नव्हती. भुरीवर गंधक चालले. केवड्यावर 1885 मध्ये फ्रान्समध्ये मिलार्दे यांनी मोरचूद आणि चुन्याचे बोर्डो मिश्रण पुढे आणले. सेंद्रिय बागायतदार आजही याच दोन औषधांवर उभा आहे.

पण मोरचुदातले तांबे जमिनीत कुजत नाही, साठत जाते. गांडुळांना आणि जिवाणूंना ते बाधते. म्हणून युरोपीय संघाने 2019 पासून मर्यादा घातली : हेक्टरी सात वर्षांत 28 किलो तांबे, म्हणजे वर्षाला सरासरी चार किलो. आपल्या मापात हे एकरी सुमारे 1.6 किलो होते. मोरचुदात तांबे चौथा हिस्सा. एक टक्क्याचे बोर्डो एकरी 400 लिटर फवारले, तर चार किलो मोरचूद, म्हणजे एक किलो तांबे गेले. अशा दीड फवारणीतच वर्षाचा वाटा संपतो!

मग इटलीतले कुटुंब काय करते? मात्रा अगदी कमी ठेवते आणि हवामान बघून नेमक्या दिवशी फवारते. घडाभोवतीची पाने काढून वारा खेळता ठेवते. दोन ओळींच्या मधे शेंगवर्गीय पिके पेरून जमिनीत गाडते. एवढे करूनही 2023 च्या वसंतातल्या पावसाने मध्य आणि दक्षिण इटलीत केवडा पसरला आणि सेंद्रिय बागांना मोठा फटका बसला.

आपल्याकडे गणित वेगळे. इटलीची वेल हिवाळ्यात झोपते आणि तिची छाटणी एकदाच होते. महाराष्ट्रात वेल झोपत नाही. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी. कोवळी फूट निघते तेव्हाच परतीचा पाऊस गाठतो, आणि केवड्याची खरी लढाई तिथेच होते. मात्र जानेवारी ते मार्चची आपली काढणी कोरड्या हवेत होते, तर टस्कनीत सप्टेंबर-ऑक्टोबरच्या पावसाची धास्ती असते.

लाल वाइनला फवारणीतला काटेकोरपणा जास्त लागतो, कारण ती सालीसकट आंबवतात. रंग आणि तुरटपणा सालीतून येतो. सालीवर औषधाचा अंश असेल तर तोही टाकीत उतरतो. तळघरातही नियम आहे. कोरड्या लाल वाइनमध्ये सल्फाइट या परिरक्षकाची सर्वसाधारण मर्यादा लिटरला 150 मिलिग्रॅम, सेंद्रियसाठी 2012 पासून 100.

द्राक्ष न लावणाऱ्या आपल्या जळकोटच्या शेतकऱ्यालाही यात घेण्यासारखी गोष्ट आहे ती हिशेबाची. 2010 मध्ये क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रकाच्या अंशामुळे भारतीय द्राक्षांचे कंटेनर युरोपात अडकले, तेव्हा बागेतल्या नोंदीची किंमत साऱ्या महाराष्ट्राला कळली. इथल्या बालाघाट डोंगररांगेच्या मुरमाड रानात सीताफळ असो की तूर-सोयाबीन, सेंद्रिय बाजारात विकला जातो तो माल आणि त्यामागची वही, दोन्ही मिळून. कधी, काय, किती टाकले हे ज्याने लिहून ठेवले, त्याचाच शब्द परदेशी ग्राहक मानतो. ती वही या खरिपापासून सुरू करावी. तिला द्राक्षाची वाट पाहायची गरज नाही.

पुढील भागात : फळबागेला तीन वर्षे आणि हंगामी पिकाला दोन वर्षे लागणारा सेंद्रिय रूपांतरणाचा काळ, आणि गटाने प्रमाणपत्र घेण्याची रीत.