रोहिणीचे पाणी आणि खासदारांचा शांतिसंघ

परमपूज्य बाबासाहेबांच्या 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथातील रोहिणी नदीचा प्रसंग आपणा सर्वांस परिचित आहे. पाण्यावरून शाक्य व कोलिय यांच्यात तंटा झाला, तेव्हा सेनापतीने युद्धाचा ठराव मांडला. सिद्धार्थाने उपसूचना दिली : आपण दोन माणसे निवडावीत, कोलियांनी दोन निवडावीत, या चौघांनी पाचवा निवडावा व पाचांनी निवाडा करावा. ती प्रचंड बहुमताने फेटाळली गेली. परंतु सिद्धार्थाने गृहत्याग केल्यावर लोकमत पालटले. उभयपक्षी कायमचे लवाद मंडळ नेमण्यात आले आणि युद्ध टळले.

हे ग्रंथात ठीक, व्यवहारात चालत नाही, असे काही सुशिक्षित मंडळी म्हणतात. त्यांच्यासाठी, विशेषतः विद्यार्थ्यांसाठी, आम्ही येथे आंतर-संसदीय संघाचा परिचय करून देत आहोत.

इंग्लंडचे विल्यम रँडल क्रेमर हे मूळचे सुतार, कामगार चळवळीतून पार्लमेंटमध्ये गेलेले. फ्रान्सचे फ्रेडरिक पासी हे अर्थशास्त्रज्ञ. देश निराळे, थर निराळा. पण राष्ट्रांचे तंटे लवादाने मिटावेत हा ध्यास एकच. त्यांच्या पुढाकाराने १८८९ साली पॅरिस येथे निरनिराळ्या देशांच्या संसद सदस्यांची परिषद भरली आणि हा संघ जन्मास आला. पासींना १९०१ साली व क्रेमर यांना १९०३ साली शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले.

१८९५ साली संघाने स्थायी लवाद न्यायालयाचा आराखडा मंजूर केला. १८९९ च्या हेग परिषदेत असे न्यायालय स्थापन झाले व चौकशी आयोगाचीही तरतूद झाली. तिचा उपयोग लवकरच झाला. ऑक्टोबर १९०४ मध्ये जपानशी लढण्यास निघालेल्या रशियन आरमाराने उत्तर समुद्रात इंग्रज मच्छीमारांच्या नावांवर, शत्रूच्या नौका समजून, गोळीबार केला. माणसे मेली. इंग्लंड-रशिया युद्धाची वेळ आली. तेव्हा इंग्लंड, रशिया, फ्रान्स व अमेरिका यांचा एकेक नौदल अधिकारी घेण्यात आला आणि या चौघांनी पाचवा, ऑस्ट्रियाचा, निवडला. पाचांनी चौकशी केली, रशियाने ६६,००० पौंड भरपाई दिली आणि युद्ध टळले. सिद्धार्थाच्या उपसूचनेशी हे किती जुळते, ते वाचकांनीच पाहावे!

१९१४ साली महायुद्ध झालेच, हे खरे. पण त्यावरून नियम निरर्थक ठरत नाहीत. ते न वापरणारे दोषी ठरतात. आज १८० हून अधिक देशांच्या संसदा या संघात आहेत. भारताच्या संसदेने १९६९ व १९९३ साली नवी दिल्लीत त्याच्या परिषदा भरविल्या. शिष्टमंडळांत सत्ताधारी व विरोधक एकत्र बसतात, हे महत्त्वाचे. एकाच पक्षाने केलेला समेट सत्ता बदलली की डळमळतो. सर्वांनी मिळून केलेला टिकतो.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी सांगितले की, ठराव, गणपूर्ती, मतमोजणी हे संसदीय नियम भिक्खू संघास ठाऊक होते. हा वारसा आपला आहे. मग एका वस्तीत दोन गट, दोन जयंत्या आणि बोलणे बंद, हे आपणास शोभते काय? तंटा पेटल्यावर पंच शोधण्यापेक्षा, शांततेच्या काळातच प्रत्येक संस्थेने सर्व गटांना मान्य असे पाच जण नेमून ठेवावेत. कोणाची उपसूचना आज पडली, तरी त्याने खचू नये. सिद्धार्थाचीही पडली होती!

भवतु सब्ब मंगलं. जयभीम!