बाळंतिणीच्या दाराशी आरोग्यसेवा

बाळंतिणीने व तान्ह्या मुलाने काही दिवस घराबाहेर पडू नये, अशी आपल्याकडे जुनी रीत आहे. त्यामुळे दोघांना ऊब व विश्रांती मिळते, हे खरे. परंतु बाळ आजारी पडले की हीच रीत आड येते. बालमृत्यूंचा मोठा वाटा जन्मानंतरच्या पहिल्या २८ दिवसांतला असतो आणि नेमके याच दिवसांत बाळ दवाखान्यापर्यंत पोहोचत नाही. मग सेवेनेच घरी जायला हवे.

डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यात हाच मार्ग धरला. १९८६ साली त्यांनी 'सर्च' ही संस्था स्थापन केली. पुढे ३९ खेड्यांत गावातल्याच थोड्याफार शिकलेल्या स्त्रियांना शिक्षण देऊन 'आरोग्यदूत' म्हणून तयार केले. आरोग्यदूत गरोदरपणीच घरी जाई, बाळंतपणाला सुइणीबरोबर हजर राही आणि नंतर महिनाभर ठराविक दिवशी भेट देई. जवळ तापमापक, वजनाचा काटा, बाळासाठी उबदार पिशवी, गुदमरलेल्या बाळाला श्वास देण्याचे साधन व काही औषधे असत.

पण पुनःपुन्हा भेटी कशासाठी? जंतुदोषाची लक्षणे पाहिली म्हणजे उत्तर मिळते. जोराने रडणारे बाळ क्षीण रडू लागणे, चांगले पिणारे बाळ दूध ओढीनासे होणे, अंग लुळे किंवा गार पडणे, अशी ती लक्षणे. यांतील दोन एकाच वेळी दिसली की धोका समजायचा. बाळ आधी कसे होते हे ठाऊक असल्यावाचून ते बिघडले, हे कसे कळणार? धोका दिसताच इस्पितळात नेण्याचा सल्ला दिला जाई. नेणे होत नसेल तर आईवडिलांच्या संमतीने घरीच औषधोपचार होई.

या कामाचे निष्कर्ष १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. तुलनेसाठी घेतलेल्या ४७ खेड्यांच्या मानाने तिसऱ्या वर्षी नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते.

२०११ साली भारत सरकारने अशा गृहभेटींचे काम देशभर आशा कार्यकर्तींकडे सोपवले. प्रसूती इस्पितळात झाली तर ३, ७, १४, २१, २८ व ४२ व्या दिवशी, आणि घरी झाली तर पहिल्या दिवशीही भेट, असे तिचे वेळापत्रक ठरले.

तेव्हा आशाताई दाराशी आली तर 'सारे ठीक आहे' म्हणून तिला उंबऱ्यावरूनच परत पाठवू नये. तिला बाळ पाहू द्यावे, त्याचे वजन करू द्यावे. आज लिहिलेला आकडा पुढच्या भेटीत बाळाच्या उपयोगी पडतो.