दम्याचा पंप : गैरसमज आणि वस्तुस्थिती



सोयाबीनची मळणी सुरू झाली की देवगाव फाटा परिसरात मळणी यंत्राभोवती भुसकटाचा धुरळा उठतो. पुढे तुरीची रास आणि पऱ्हाट्यांचा धूर. दमेकऱ्याची धाप याच दिवसांत वाढते. पहाटे दोन-तीनच्या सुमारास छातीत घरघर होते, उठून बसावे लागते. सकाळी बरे वाटते म्हणून माणूस कामाला जातो आणि दवाखाना राहून जातो.

दम्यात श्वासनलिकांना आतून सूज असते. धूळ, चुलीचा धूर, गाजरगवताचे परागकण, थंड हवा किंवा सर्दी यांपैकी काही निमित्त झाले की नलिका आवळतात, चिकट कफ साचतो. ठिबकची नळी क्षाराने आतून भरत जावी, तशी वाट अरुंद होते. त्रास थांबला तरी सूज राहू शकते, हे ध्यानात ठेवावे.

दमा संसर्गाने होत नाही. दमेकऱ्याचे ताट-तांब्या वेगळा ठेवण्याचे कारण नाही. मात्र खोकला दोन आठवड्यांहून जास्त टिकला तर ‘दमाच आहे’ असे घरी ठरवू नये. क्षयरोगासाठी थुंकीची तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते, ती करून घ्यावी.

सर्वांत मोठा गैरसमज पंपाबद्दल आहे. (पंप म्हणजे येथे फवारणीचा नव्हे, तोंडाने ओढायचा.) ‘तो शेवटचा उपाय, एकदा लागला की सुटत नाही’ असे पारावर ऐकू येते. पंपाची सवय लागत नाही. साल्ब्युटामॉलची एक गोळी ४ मिलिग्रॅमची असते, तर पंपाच्या एका झोतात ०.१ मिलिग्रॅम औषध असते. म्हणजे एका गोळीत चाळीस झोतांइतके औषध! गोळीचे औषध सर्व अंगात फिरते, पंपाचे थेट छातीत उतरते.

पंप मुख्यतः दोन प्रकारचे. साल्ब्युटामॉलचा, बहुधा निळा, तात्पुरता आराम देतो. सूज कमी करीत नाही. सूज कमी करणारा दुसरा पंप त्रास नसतानाही डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे घ्यावा व नंतर चूळ भरावी. दोन्ही कामे करणारा पंपही आता मिळतो. निळा पंप आठवड्यात दोनदांपेक्षा जास्त लागत असेल तर दमा आटोक्यात नाही असे समजावे.

मृग लागला की आपल्याकडील अनेक दमेकरी गाडीने हैदराबाद गाठतात. तेथे बथिनी कुटुंब जिवंत मरळ माशाच्या तोंडात औषध घालून तो गिळायला देते. कोजागिरीला खिरीतून औषध देण्याची प्रथाही आहे. श्रद्धेचा प्रश्न ज्याचा त्याचा. पण अशा औषधाने दमा बरा होतो असे शास्त्रीय कसोटीवर सिद्ध झालेले नाही. दमा मुळातच कमी-जास्त होतो, त्यामुळे काही दिवस बरे वाटले की श्रेय औषधाला जाते. खरा धोका वेगळाच आहे : ‘आता औषध घेतले’ म्हणून पंप बंद केला जातो आणि सुगीत तोच माणूस गुदमरतो. नाव नसलेल्या पुड्याही टाळाव्यात. काहींत स्टेरॉईड मिसळलेले असते. आराम पडतो, पण हाडे ठिसूळ होतात, साखर वाढते.

केळी, दही, भात सरसकट बंद करू नयेत. ज्याने आपल्याला त्रास होतो तेवढेच टाळावे.

काम सोडण्याचीही गरज नाही. मळणीत वाऱ्याच्या वरच्या बाजूस उभे राहावे, नाका-तोंडावर घट्ट मास्क लावावा. यंत्रात पेंढ्या लावण्याचे काम व फवारणी मात्र दुसऱ्याकडे द्यावी. काही कीटकनाशकांनी श्वासनलिका आवळतात. अंग दुखते म्हणून दुकानातून वेदनाशामक गोळी घेऊ नये, काही दमेकऱ्यांना तिनेच झटका येतो.

बोलताना वाक्य पुरे होत नसेल, बरगड्या आत ओढल्या जात असतील, ओठ निळसर दिसत असतील तर सकाळची वाट पाहू नये. रुग्णाला बसते ठेवावे, निळ्या पंपाचे ४ ते ६ झोत एकेक करून द्यावेत आणि लगेच १०८ ला फोन करावा. गाडी येईपर्यंत आराम नसेल तर वीस मिनिटांनी झोत पुन्हा द्यावेत.