एक्सल उतरवताना

उजवीकडे पूर्ण वळण घेताना पुढच्या चाकातून कट-कट-कट आवाज येत असेल आणि स्टिअरिंग सरळ झालं की थांबत असेल, तर जाणता मेस्त्री बॉनेटकडे बघतही नाही. तो खाली वाकतो, डाव्या चाकामागे हात घालतो आणि मग स्वतःची बोटं बघतो. बोटांना काळं ग्रीस लागलेलं असलं की निदान झालं. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरातल्या एका बोळात आमच्या जुन्या मारुती ८०० चं निदान असंच झालं. एक्सलवरचा रबरी बूट घडीवर चिरला होता. ब्रेकच्या पाइपवर, लोअर आर्मवर ग्रीसचे शिंतोडे उडाले होते आणि त्यांच्यावर ऊसपट्ट्यातल्या रस्त्यांची माती थराथरानं बसली होती.

"आवाज उजवीकडं वळताना येतोय, आणि तुम्ही डावं चाक धरलंय?" मी विचारलं.

"गाडी उजवीकडं वळली की वजन कुठं जातंय? डावीकडं. ज्याच्यावर वजन, ते बोंबलतंय."

अँबॅसॅडर आणि पद्मिनीच्या काळात हे दुखणं नव्हतं. इंजिन पुढे, जोर मागच्या चाकांना. मागचे एक्सल हाउसिंगच्या आत बंदिस्त फिरायचे. त्यांना वळायचं कारणच नव्हतं. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली. आता पुढच्याच चाकांनी गाडी ओढायची, त्यांनीच वळायचं आणि खड्ड्यात वर-खालीही व्हायचं. म्हणजे गिअरबॉक्समधून निघालेला दांडा फिरता फिरता वाकायला हवा. जीपच्या प्रॉपेलर शाफ्टला असतो तसा साधा क्रॉस जॉइंट इथं चालत नाही. तो कोनात फिरवला, तर एका टोकाला कितीही एकसारखा वेग द्या, दुसरं टोक प्रत्येक फेऱ्यात दोनदा पुढे पळतं आणि दोनदा मागे रेंगाळतं. वळणावर हा हिसका सरळ हातात आला असता. त्यावरचा उपाय आल्फ्रेड झेप्पा या अभियंत्यानं १९२० च्या दशकात काढला: एक कप, त्यात एक गाभा, दोघांनाही खोबण्या, आणि खोबण्यांमधून सरकणारे सहा छर्रे. जॉइंट कितीही वाकला तरी छर्रे त्या कोनाच्या बरोबर मधल्या पातळीत राहतात, म्हणून दोन्ही टोकं एकाच वेगानं फिरतात. १९५९ च्या ब्रिटिश मिनीनं हा जॉइंट साध्या माणसाच्या गाडीत आणला. आपल्याकडे तो घरोघरी पोचवला मारुतीनं.

कामाला सुरुवात गाडी जमिनीवर असतानाच होते. हबचा मोठा नट इतका आवळलेला असतो, की जॅकवर चढवलेल्या गाडीवर तेवढा जोर लावणं धोक्याचं. हाताखालचा पोरगा, बारक्या, ब्रेकवर पाय दाबून बसला. मेस्त्रीनं हँडलला लांब पाइप चढवला आणि अंगाचं सगळं वजन टाकलं. नट किंचाळून सुटला. मग जॅक, खाली स्टँड, चाक बाहेर. गिअरबॉक्सचं ऑइल कापलेल्या डब्यात काढलं, कारण एक्सल निघाला की ते तिथूनच वाहणार. लोअर आर्मचा बॉल जॉइंट चाक धरून ठेवणाऱ्या नकलमधून सोडवायला मात्र वेळ लागला. बोल्ट गंजून बसला होता. त्यावर डिझेल सोडून मेस्त्री चहाला गेला. घाई करून बोल्ट तुटला, तर पुढचं काम दुप्पट होतं.

परत आल्यावर त्यानं टॉमीच्या लोखंडी दांड्यानं आर्म खाली दाबला, नकल बाहेर ओढला. एक्सलच्या टोकावर हातोडा थेट मारला नाही. आटे चेपू नयेत म्हणून नट उलटा फिरवून टोकाशी आणला आणि लाकडाचा ठोकळा मध्ये धरला. आतलं टोक गिअरबॉक्समध्ये एका बारीक सर्क्लिपवर अडकलेलं असतं. ते दोन्ही बाजूंनी सारखं उचकटावं लागतं. वाकडं उचकटलं की ऑइल सीलची कड कापलीच म्हणून समजा.

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरात असा जॉइंट सहसा उघडत नाहीत, अख्खा बदलतात. इथं उघडतात. गाभा तिरका करून मेस्त्रीनं एकेक छर्रा बाहेर काढला, ट्रेमधल्या डिझेलमध्ये टाकला, छर्रे जागेवर धरणारा पिंजरा आडवा फिरवून उचलला आणि कप उजेडाकडे धरला. मला काही दिसेना. त्यानं माझी करंगळी खोबणीतून फिरवली. अर्ध्यात नख अडलं. चिरलेल्या बुटातून माती आत गेली, ग्रीसमध्ये कालवली गेली, आणि छर्‍यांनी ती खोबणीत दळत दळत खळगा पाडला होता. रबराच्या एका भेगेपायी एवढं पोलाद वाया जातं, ही गोष्ट मला अजूनही पटत नाही.

उद्यमनगरात काय बनत नाही, असं कोल्हापूरकर छातीठोक विचारतात, आणि त्यांचं चुकत नाही. बाबूराव पेंटरांनी १९२० चा 'सैरंध्री' ज्या कॅमेऱ्यावर टिपला, तो याच गावात जुळवलेला होता. ऑइल इंजिनाचे सुटे भाग इथल्या लेथवर कित्येक वर्षं निघत आले. म्हणून मीही विचारलं, खोबणी घासून नीट नाही का होणार?

"होतंय की. घासत्यात, वरच्या मापाचं छर्रं घालत्यात, रिकंडिशन म्हणून विकत्यात. पर कडकपणा वरच्या थरातच असतोय साहेब. तो घासला की खाली मऊ. मी न्हाई करत."

त्याच्याकडे आणखी एक जुनी युक्ती होती. गाडी पुढे जाताना छर्रे खोबणीच्या एकाच अंगावर रेटले जातात. दुसरं अंग जवळपास कोरं राहतं. डावीकडचा कप उजवीकडे आणि उजवीकडचा डावीकडे बसवला, तर फिरण्याची दिशा उलटते आणि ते कोरं अंग कामाला लागतं. दोन्ही एक्सलची लांबी सारखी नसल्यानं अख्खे एक्सल मात्र बदलता येत नाहीत, फक्त कप. ही युक्ती गाडी विकणाऱ्याला सोयीची, वापरणाऱ्याला नाही. खोबणीबरोबर पिंजऱ्याच्या खिडक्याही झिजलेल्या असतातच. आम्ही नवा जॉइंट आणला. मधला दांडा आणि आतल्या बाजूचा जॉइंट ठणठणीत होते, ते ठेवले.

बसवण्यात बूट हा सगळ्यात नाजूक भाग. दांड्याच्या दातांवर चिकटपट्टी गुंडाळून मगच तो वरून सरकवला, नाहीतर नवं रबर पहिल्याच दिवशी कापलं जातं. मग मोलिब्डेनमचं काळं ग्रीस. पाकिटात येतं तेवढंच. अर्धं जॉइंटमध्ये बोटानं दाबून, उरलेलं बुटात. साधं पिवळं ग्रीस जवळ पडलं होतं, बारक्यानं डबा पुढे केलाही. मेस्त्रीनं त्याच्याकडे नुसतं बघितलं. मोठी क्लिप आवळण्याआधी बुटाच्या तोंडाशी स्क्रूड्रायव्हर घालून आतली हवा सोडली. फुगलेला बूट वळणात घासतो, चेपलेला घडीवर फाटतो. एक्सल गिअरबॉक्समध्ये ढकलल्यावर सर्क्लिप टक् करून बसली. ती बसल्याची खात्री मेस्त्रीनं कानावर न सोडता जॉइंट बाहेर ओढून केली.

नट शेवटी चाक जमिनीवर टेकल्यावरच आवळला. ऑइल भरलं. मग समोरच्या मोकळ्या जागेत स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी दोन्हीकडून गोल गोल फिरवली. आवाज नव्हता. उजवीकडचा एक्सलही आताच बघून टाकावा का, असं मी विचारलं. मेस्त्री पुन्हा खाली वाकला, बूट दोन्ही हातांनी ताणून घडी-घडी उघडून बघितली आणि बोटं माझ्यापुढे धरली. कोरडी होती.

"ह्याला हात लावायचा न्हाई. पावसाळ्याआधी एकदा आणा, बूट बघून घिऊ."