दादाचा फोन आणि पुण्यातल्या बीटा पेशी

हॅरोत रविवारी सकाळी सांगलीचा फोन येतो तो खुशालीचा. त्या दिवशी मात्र दादा थेट मुद्द्यावर आला. "स्टेम सेलचं इंजेक्शन देतात म्हणे, इन्सुलिन कायमचं सुटतं. पैसे भरू का? तू तिकडं आहेस, जरा विचारून सांग."

माझा नऊ वर्षांचा पुतण्या टाइप-१ मधुमेही. दिवसाला चार सुया. मी कम्प्युटर इंजिनीअर, डॉक्टर नव्हे. पण आठवडाभर रात्री वाचत बसलो आणि पोचलो थेट पुण्यात!

गणेशखिंडीतल्या एनसीसीएसमध्ये डॉ. रमेश भोंडे यांच्यासोबत आनंदवर्धन हर्डीकर हा तरुण स्वादुपिंडावर काम करत होता. मधुमेही उंदराच्या स्वादुपिंडाचा भाग काढला तर पुढे काय होतं, यावरचा त्यांचा शोधनिबंध १९९९चा. पुढे हर्डीकर अमेरिकेत गेले. तिथल्या त्यांच्या गटाने २००४ मध्ये 'सायन्स'मध्ये मांडलं, की माणसाच्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी रूप बदलून प्रयोगशाळेत वाढवता येतील. केवढी आशा! पण २००७ मध्ये त्याच प्रयोगशाळेने उंदरांवर तपासून सांगितलं, की तिथे वाढणाऱ्या पेशी मुळात बीटा पेशींपासून आलेल्याच नाहीत. आपलंच म्हणणं पुन्हा तपासायचं, हे मला फार भावलं. हर्डीकर पुण्यात परतले, नंतर ऑस्ट्रेलियात गेले, विषय तोच.

अडचण दुहेरी आहे. नव्या पेशी बनवायच्या आणि टिकवायच्याही, कारण टाइप-१ मध्ये शरीरच त्यांना मारतं. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत मूलपेशींपासून बनवलेल्या पेशी दिलेल्या १२ पैकी १० जणांचं इन्सुलिन वर्षभराने बंद होतं. पण ती सगळी मोठी माणसं, आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालूच. आयसीएमआरच्या २०१७च्या मार्गदर्शक सूचनांनुसारही मधुमेहावर स्टेम सेल फक्त मान्यताप्राप्त चाचणीतच देता येतात. आणि चाचणीसाठी रुग्णाकडून पैसे घेत नाहीत.

पुढच्या रविवारी मीच फोन लावला. "दादा, पैसे भरू नकोस. आणि कुणीही सांगितलं तरी इन्सुलिन बंद करायचं नाही, जिवावर बेतेल."

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "पोराला काय सांगू?"

"सांग, माणसं कामाला लागलीत. पंचवीस वर्षांपूर्वी आपल्या पुण्यातही लागली होती. तोवर सुई चुकवायची नाही."

तुम्हालाही असे फोन येत असतील. 'नाही' म्हणणं जड जातं, पण म्हणायला हवं.