रुमाल नको, वारा हवा!

वाशीच्या आमच्या सिडकोच्या घरात बाबांचा ॲम्प्लिफायर शोकेसमध्ये, वर आईनं विणलेला रुमाल. परवा आवाज खरखरला, मग बंदच. ‘भंगारात द्या,’ दुकानदार म्हणाला. बाबा गेल्यावर तेवढंच उरलेलं, मन होईना. प्लग काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते, म्हणून झाकण उघडून हात न लावता नुसतं पाहिलं. एका रेझिस्टरखाली बोर्ड तपकिरी, शेजारचा कपॅसिटर फुगलेला, सोल्डरला गोल भेग. उष्णतेचीच करणी! तापमान १० अंशांनी वाढलं, की कपॅसिटरचं आयुष्य साधारण निम्मं होतं. खुणा दाखवल्यावर दुसऱ्या कारागिरानं तेवढेच दोन भाग बदलले, नवा डाग दिला. बाबांची गाणी परत आली. मैत्रिणींनो, यंत्राभोवती चार बोटं जागा ठेवा. रुमाल? तो मी टीपॉयवर घातलाय.