प्रवेशाच्या हंगामातील सल्ले

दहावी-बारावीचे निकाल लागले म्हणजे महाराष्ट्रातील घराघरांत आप्तेष्टांची वर्दळ सुरू होते, आणि पेढे वाटले जात असतानाच मुलाने पुढे काय करावे याचीही चर्चा होऊन जाते. सल्ला देणारे बहुधा हितचिंतकच असतात. मुलाचे कल्याण व्हावे ही त्यांची इच्छा खरी असते, आणि म्हणूनच त्यांच्या शब्दाला घरात वजन येते. परंतु ज्या नियमांखाली त्यांनी स्वतः किंवा त्यांच्या मुलांनी प्रवेश घेतला ते नियम केव्हाच बदललेले असतात, आणि समोर बसलेल्या मुलाचे भवितव्य मात्र यंदाच्या नियमांवर अवलंबून असते, ही गोष्ट बोलण्याच्या ओघात सहसा कोणाच्या ध्यानी राहत नाही.

या सल्ल्यांपैकी सर्वांत हानिकारक सल्ला कोणता असे मला कोणी विचारले, तर मी निःसंकोचपणे सांगेन की, 'आपल्याला फी परवडायची नाही, तेव्हा अर्जच करू नकोस', हा. कॉलेजच्या पत्रकात छापलेला आकडा आणि विद्यार्थ्याला प्रत्यक्ष भरावी लागणारी रक्कम यांत फार मोठे अंतर असू शकते. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, उत्पन्न त्या शिष्यवृत्तीच्या मर्यादेपलीकडे असेल तर शुल्कमाफीची फ्रीशिप आहे. खुल्या प्रवर्गातील कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शुल्क शिष्यवृत्ती आहे. आणि २०२४ च्या जुलैमध्ये शासनाने काढलेल्या निर्णयाप्रमाणे, ज्यांच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत आहे अशा इतर मागास, आर्थिकदृष्ट्या दुर्बल आणि सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्क संपूर्ण माफ झाले आहे. राहण्याजेवणाचा खर्च उरतो हे खरे. पण त्यासाठीही स्वाधार योजना आहे, पंजाबराव देशमुखांच्या नावाचा वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. ज्या प्रांतात भाऊराव पाटलांनी १९४७ साली साताऱ्याला कॉलेज काढून 'कमवा व शिका' या तत्त्वावर कुणबी-शेतमजुरांच्या मुलांना पदवीपर्यंत नेले, त्या प्रांतात आजही एखादी हुशार मुलगी केवळ छापील आकड्याला भिऊन घरी बसते, याचे मला अतोनात दुःख होते.

मात्र यातील बऱ्याच सवलतींना एक अट जोडलेली आहे, आणि नेमकी तीच सांगायची राहून जाते. प्रवेश केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे ज्याला सगळे 'कॅप' म्हणतात त्यातून झालेला असला पाहिजे. 'आत्ता मॅनेजमेंट कोट्यातून जागा धरून ठेव, स्कॉलरशिपचे पुढे बघू,' असे सांगणारा मनुष्य त्या कुटुंबाला जमीन तारण ठेवण्याच्या वाटेवर आणून सोडतो, कारण त्या जागेवर शुल्कमाफी लागू होत नाही, ही माहिती पुष्कळदा पैसे भरून झाल्यावरच हाती येते.

दाखल्यांच्या बाबतीतही तसेच. 'दाखले काय, प्रवेश मिळाला की काढता येतील', हे वाक्य ज्याने उच्चारले त्याने जातपडताळणी समितीचे काम कधी जवळून पाहिलेले नसावे. उत्पन्नाचा दाखला तहसील कचेरीतून थोड्या दिवसांत मिळतो. जातवैधता प्रमाणपत्राला मात्र वंशावळीचे शपथपत्र लागते, वडिलांचे, चुलत्यांचे, आजोबांचे शाळा सोडल्याचे दाखले लागतात, आणि इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीच्या वास्तव्याचा व जातीचा पुरावा द्यावा लागतो. आजोबा शाळेत गेलेच नसतील तर गावच्या जुन्या जन्ममृत्यूच्या नोंदी, फेरफार, खासरापत्रके धुंडाळावी लागतात, आणि नाव सापडले तरी त्यातील एखादे अक्षर वेगळे निघाले की पुन्हा खेपा सुरू होतात. हे काम अकरावीतच कॉलेजमार्फत हाती घ्यावे; बारावीच्या निकालानंतर मुदत कोणासाठी थांबत नाही.

गेल्या पावसाळ्याच्या तोंडी एका तालुक्याच्या सेतू केंद्रात मी एक मुलगी आपल्या वडिलांबरोबर अभियांत्रिकीचा पसंतीक्रम भरताना पाहिली. तिने एका वहीच्या पानावर कॉलेजांची नावे आपल्या आवडीप्रमाणे ओळीने लिहून आणली होती; पण बरोबर आलेले मामा म्हणत होते, "अगं, वरचं कॉलेज तुला लागायचं नाही. जे नक्की मिळेल तेच एक नंबरला टाक, नाहीतर सगळंच हुकेल." वडील गप्प होते, आणि मुलगी वहीकडे पाहत यादी खोडू लागली होती. मामांचे म्हणणे ऐकायला शहाणपणाचे वाटले तरी ते प्रक्रियेच्या अगदी उलट होते. जागावाटप गुणवत्ताक्रमाने होते. विद्यार्थ्याचा क्रमांक आला की त्याची पहिली पसंती तपासली जाते, तेथे जागा उरलेली नसेल तर दुसरी, मग तिसरी, आणि वर न मिळणाऱ्या कॉलेजाचे नाव लिहिल्याने खालच्या कॉलेजावरील त्याचा हक्क तिळमात्र कमी होत नाही. उलट पहिल्या फेरीत पहिल्याच पसंतीची जागा मिळाली तर ती पक्की धरली जाते आणि पुढच्या फेऱ्यांचा मार्ग बंद होतो. म्हणजे भीतीने वर टाकलेले कॉलेजच गळ्यात पडते. सुदैवाने केंद्रातल्या तरुण कारकुनाने हा नियम मामांना समजावून सांगितला आणि यादी पुन्हा पूर्ववत झाली. परंतु सर्वच ठिकाणी असा माणूस बसलेला असतो असे नाही.

'सायन्स घे, म्हणजे सगळे मार्ग मोकळे राहतात', हा सल्ला यापेक्षा सूक्ष्म आहे, कारण तो अर्धा खरा आहे. विज्ञानातून बारावी झालेल्याला कला, वाणिज्य, विधी यांकडे वळता येते, आणि कलेकडून अभियांत्रिकीकडे जाता येत नाही, हे कोणी नाकारणार नाही. पण ज्या मुलाचे मन इतिहासात किंवा भाषेत रमते त्याची दोन वर्षे न आवडणाऱ्या विषयांत आणि महागड्या क्लासांत जातात, बारावीला गुण कमी पडतात, आणि ज्या चांगल्या कला-महाविद्यालयात तो सहज गेला असता तेथील प्रवेशच दुरावतो. दुसरीकडे, ज्याचा कल यंत्रांकडे आहे त्याला दहावीनंतर पॉलिटेक्निकची तीन वर्षांची पदविका करून अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येते, हे सांगायला मात्र फारसे कोणी पुढे येत नाही. पदविका म्हणजे कमी गुणवाल्यांची सोय, असा एक निराधार समज आपल्याकडे रुजला आहे.

स्पर्धापरीक्षांच्या उमेदवारांना दिला जाणारा 'कुठलीही पदवी चालते, कॉलेजात वेळ घालवू नकोस' हा उपदेशही नियमाने बरोबर आणि व्यवहारात घातक आहे. लोकसेवा आयोगाला कोणत्याही शाखेची पदवी चालते, नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचीही चालते. पण पुण्याच्या पेठांतील अभ्यासिकांत ऐन उमेदीची वर्षे घालवून ज्यांची निवड होत नाही, त्यांच्या हाती शेवटी तीच पदवी उरते, आणि ती मन लावून मिळवलेली नसेल तर नोकरीच्या बाजारात तिला कोणी विचारत नाही.

म्हणून वडीलधाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे की, यंदा कोणी मुलगा वा मुलगी सल्ला विचारायला आली तर प्रवेश प्रक्रियेची या वर्षीची माहितीपुस्तिका तिच्याबरोबर बसून वाचावी, शिष्यवृत्तीची अट आणि अर्जाची शेवटची तारीख कागदावर उतरवून द्यावी, आणि जे आपल्याला ठाऊक नाही ते जवळच्या सुविधा केंद्रात जाऊन तिच्यासमोरच विचारावे.